आश्विनातली औषधीयात्रा : डिंभे, आहुपे, भीमाशंकर

औषधी वनस्पती आणायला निघायचे तर आधी महिना ठरतो, मग गाव. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा हे स्वच्छ सांगितले आहे. कोवळ्या फांद्या आणि पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, लाकडाचा गाभा हेमंतात. फुले-फळे ज्याच्या त्याच्या हंगामात. आम्हाला अर्जुनाची साल आणि शतावरीचे कंद हवे होते, म्हणून आश्विन. पाऊस ओसरलेला असतो, जमीन अजून मऊ असते आणि दिवसा ऊन खणखणीत पडते.

ऋतू सांगितल्यावर त्याच ओघात चरक घेणाऱ्या माणसाबद्दलही बोलतो. त्याने उपवास केलेला असावा, तो शुचिर्भूत असावा, पांढरे कपडे घातलेले असावेत, देवतांची आणि अश्विनीकुमारांची पूजा करून पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून औषधी घ्यावी. पुष्कळ लोक हा भाग सोडून देतात आणि फक्त ऋतू उचलतात. आमच्या मते हे अर्धेच घेणे झाले. तोडणाऱ्याचे चित्त जागेवर नसेल तर चुकीची वेल तोडली जाते, जास्त तोडली जाते आणि ओली तशीच पिशवीत राहून बुरसते. औषध तिथेच बिघडते, ते पुढे कुठल्याही काढ्याने सुधारत नाही.

सामान थोडेच लागते. सुती पिशव्या, स्टीलची धारदार सुरी, खैराची टोकदार खुंटी, दोन पसरट पराती, मातीचे एक मडके, मलमलीचे फडके, छोटा वजनकाटा, भिंग, वही. पूजेसाठी हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि पाण्याचा तांब्या. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. ओली साल तिच्यात काही तासांतच घामेजते.

पहिला दिवस : घोडेगाव ते डिंभे

घोडेगाव सोडले की भीमाशंकरचा रस्ता घोड नदीच्या कडेने वर चढू लागतो आणि डिंभे धरणाचे पाणी दिसते. मुक्काम धरणाच्या अलीकडे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी. हे ठिकाण मुद्दाम निवडलेले. पुढचे जंगल भीमाशंकर अभयारण्यात येते आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यातून परवान्याशिवाय पानसुद्धा आणता येत नाही. वनहक्क कायदा, 2006 मध्ये गौण वनोपजाचे जे हक्क आहेत ते तिथे राहणाऱ्या वनवासी लोकांचे. बाहेरून आलेल्या साधकाला ते लागू नाहीत. म्हणून जे घ्यायचे ते मालकीच्या जमिनीतून, मालकाला विचारून. वरच्या रानात फक्त पाहायचे.

दुपार जागा पाहण्यात गेली. कुठली औषधी घेऊ नये याची चरकाची यादी आजही तंतोतंत उपयोगी पडते. स्मशान, देवस्थान, सभेची जागा, खड्डा, बाग, वारूळ, खारवट जमीन या ठिकाणची टाळावी. नांगरट झालेली जमीन नको. मोठ्या झाडाच्या सावलीत दबलेले रोप नको. आज त्यात दोन गोष्टींची भर घालावी लागते. फवारणी होते त्या पिकाला लागून असलेला बांध आणि गाड्यांच्या रस्त्याची कड. या शेतात वरच्या अंगाला एक पडीक तुकडा होता. तिथे कडुनिंबावर चढलेली जुनी गुळवेल, ओढ्याच्या काठी अर्जुनाची झाडे आणि करवंदीच्या जाळीत शतावरी.

ओळख पटवण्याचे काम पहिल्याच दिवशी, उजेड असताना उरकावे. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. कांडावरची साल पातळ, कागदासारखी सुटते आणि नखाने खरवडली की खाली हिरवे दिसते. आडवा काप घेतला तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या दिसाव्यात तशा रेषा मध्यापासून कडेकडे जातात. चव कडू. फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबतात. पानाची खालची बाजू लवदार लागली तर ती दुसरी जात, आणि कांडावर ठळक फोडांची दाटी असेल तर तिसरी. ही दोन्ही घ्यायची नाहीत. चुकीच्या जातीमुळे यकृताला त्रास झाल्याची शंका अलीकडच्या काळात जाहीरपणे घेतली गेली आहे, म्हणून इथे अंदाजाने चालत नाही.

अर्जुन ओळखताना गडबड होते ती ऐनाशी. दोघांना गावोगावी सादडा म्हणतात आणि दोघांच्या फळाला पाच पंख असतात. खोड पाहावे. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, पांढुरके, सालीचे पातळ पापुद्रे सुटणारे. ऐनाचे काळपट, खोल चिरांनी चौकोनी खवल्यांत फुटलेले. फळाचे पंख भिंगाखाली धरले तर अर्जुनाच्या पंखावरच्या शिरा वरच्या दिशेने वळतात, ऐनाच्या जवळजवळ आडव्या कडेपर्यंत जातात. बाजारात सुकवलेली, तुकडे केलेली साल घेतली की हा पुरावाच हातात राहत नाही.

सूर्य कलल्यावर निमंत्रण. ज्या झाडाची औषधी उद्या घ्यायची त्याच्यापाशी जायचे, बुंध्याला पाणी घालायचे, हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या, एक सुपारी ठेवायची आणि मनात सांगायचे की उद्या सकाळी अमुक कामासाठी, अमुक माणसासाठी, एवढे घ्यायला येतो. तिन्ही गोष्टी ठरल्याशिवाय निमंत्रण होत नाही. कोणासाठी हे माहीत नसेल तर किती हेही ठरत नाही, आणि मग माणूस हाताला येईल तेवढे ओरबाडतो. आदल्या संध्याकाळी आकडा तोंडातून निघालेला असला की सकाळी सुरी त्याच्यापुढे जात नाही. शिवाय मध्ये एक रात्र मिळते. ओळखीबद्दल काही शंका राहिली असेल तर ती त्या रात्रीत वर येते.

मुहूर्ताचा प्रश्न नेहमी निघतो. रविपुष्याला, म्हणजे रविवारी पुष्य नक्षत्र असेल तेव्हा, औषधी आणण्याची चाल सर्वांना माहीत आहे. चरकानेही गेळफळासाठी पुष्य, अश्विनी, मृगशीर्ष ही नक्षत्रे आणि मैत्र मुहूर्त सांगितला आहे. जमत असेल तर जरूर पाळावे. पण रविपुष्य भर पावसात आले आणि साल चिंब भिजलेली असली तर नक्षत्रासाठी ती काढू नये. आधी झाडाची अवस्था, मग पंचांग, असा क्रम आम्ही धरतो.

आमचे निमंत्रण असे होते : गुळवेल एक किलो, अर्जुनाची ओली साल अर्धा किलो, शतावरीचे कंद पाव किलो. रात्री फक्त दूध.

दुसरा दिवस : घेण्याचा दिवस

पहाटे आंघोळ, धुतलेले पांढरे सुती कपडे. उठल्यापासून शेवटची औषधी पिशवीत जाईपर्यंत मौन. मौनाचे कारण साधे आहे. चार माणसे बोलू लागली की हात चालूच राहतात आणि डोळे दुसरीकडे जातात.

पहिली गुळवेल. दव वाळेपर्यंत थांबलो. पूर्वेकडे तोंड, सावली वेलीवर पडणार नाही अशी उभे राहण्याची जागा. नमस्कार करून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ओषधीसूक्तातली ऋचा : “मा वो रिषत् खनिता यस्मै चाहं खनामि वः।” तुम्हाला खणणाऱ्याला इजा न होवो आणि ज्याच्यासाठी खणतो त्यालाही न होवो, अशी ही विनंती आहे. त्या सूक्तात औषधींना आई म्हणून हाक मारली आहे. एकदा आई म्हटले की मागण्याची तऱ्हा आपोआप ठरते.

मुख्य वेल बुंध्यात कधी तोडायची नाही. बाजूची, अंगठ्याएवढी जाड झालेली फांदी निवडून तिरका छेद द्यायचा, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. बोटापेक्षा बारीक कांडात सत्त्व, म्हणजे वेल पाण्यात कुसकरल्यावर तळाशी बसणारे पीठ, फार कमी असते. मनगटाएवढे जून कांड तंतूमय होते. तोडलेल्या फांदीची दोन-तीन डोळ्यांची टोके वेगळी ठेवली, लावायला.

मग अर्जुन. सालीचे घेणे हे सगळ्यात जबाबदारीचे काम, कारण इथे झाड मरू शकते. पानात तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण गोल पट्टा काढला की तो मार्ग तुटतो, मुळे उपाशी पडतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. म्हणून उभा आयत आखायचा, चार बोटे रुंद आणि हातभर लांब. एका वेळी खोडाच्या घेराच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नाही. सुरी तिरकी, उथळ धरून बाहेरचा आणि मधला थर सोलायचा, लाकडाला चिकटलेला आतला ओलसर थर तसाच ठेवायचा. सुरीखाली पांढरे लाकूड उघडे पडले तर खोल गेलात असे समजून तिथेच थांबायचे. आतला थर शाबूत असेल तर साल परत भरून येते. तरी त्या जागेला दोन वर्षे तरी हात लावू नये आणि पुढच्या वेळी समोरच्या बाजूने घ्यावे. कोवळ्या झाडाला मुळीच नको. आखून झाल्यावर अर्धा किलो भरेल असे वाटत होते, भरले त्याहून कमी. दुसऱ्या झाडाला निमंत्रण नव्हते, तेव्हा तेवढ्यावर भागवले.

औषधीला लोखंड लागू द्यायचे नाही हा जुना नेम अर्जुन, हिरडा, आवळा यांच्या बाबतीत तर डोळ्यांनी दिसतो. त्यांच्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळाला की निळसर काळा डाग पडतो. जुन्या कोयत्याने काढलेल्या सालीच्या कडा संध्याकाळपर्यंत शाईसारख्या होतात. स्टीलच्या सुरीने तसे होत नाही.

शतावरीसाठी खैराची खुंटी. झुडपाच्या एका बाजूने, बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती सैल करत जायचे. कंदांचा झुबका दिसला की कडेचे जाड कंद हाताने एकेक वळवून सुटे करायचे. मधला गड्डा आणि निम्म्याहून जास्त कंद जागेवर राहिले पाहिजेत. खड्डा त्याच मातीने भरून पाणी घालायचे. कुदळीने एका घावात झुडूप उपटणारे पुढच्या वर्षी दुसरे झुडूप शोधत हिंडतात. कंद ओले असतानाच पातळ साल ओढून काढावी आणि उभा चीर देऊन मधली दोरी ओढावी. वाळल्यावर दोन्ही निघत नाहीत.

शेतमालकाच्या आई बांधावरून पाहत होत्या. मौन सुटल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “खड्डा बुजवला का रं बाबांनो?” पिशवीत काय आहे ते त्यांनी पाहिले नाही.

दुपारी उपवास सोडून कामाला बसलो. अर्जुनाची साल धुवायची नाही. कोरड्या फडक्याने पुसून बोटभर तुकडे करून सुपात एका थरात, सावलीत, वारा लागेल अशा ओसरीवर. गुळवेल मात्र स्वच्छ धुवून, वरची कागदी साल खरवडून, चार बोटे लांबीचे तुकडे करून पाट्यावर तंतू सुटे होईपर्यंत ठेचली. साल राहिली तर सत्त्व राखाडी-हिरवट उतरते. एक किलो ठेचलेल्या वेलीला चार लिटर पाणी, मातीच्या मडक्यात, वर फडके बांधून रात्रभर. मडक्यापाशी धन्वंतरीचे नाव घेऊन दिवा लावला.

तिसरा दिवस : आहुपे

निघण्यापूर्वी तासभर मडक्यावर. भिजलेली वेल दोन्ही हातांनी पाण्यात कुसकरायची, पाणी बुळबुळीत आणि फेसाळ होईपर्यंत. हे काम जपासारखे होते. आम्ही प्रत्येक मुठीला एक नाम घेतले, त्यामुळे घाई झाली नाही आणि कुठली मूठ सुटली नाही. मग दुहेरी मलमलीतून परातीत गाळून, झाकून, जिथे कोणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवले. सत्त्व तळाशी बसायला वेळ लागतो. मधेच हलवून पाहिले की बसलेले पुन्हा वर येते.

डिंभ्याहून आहुप्याचा रस्ता जलाशयाच्या कडेकडेने आत जातो आणि सह्याद्रीच्या ऐन धारेवर संपतो. कड्यावरून खाली कोकण आणि समोर गोरखगड, मच्छिंद्रगड हे दोन सुळके. नाथपंथाची नावे असलेले हे डोंगर आणि त्यांच्या समोर कड्यावर महादेव कोळ्यांनी राखलेली देवराई यांची ही शेजारभेट पाहण्यासारखी आहे.

आहुप्याची देवराई ही औषधी घेण्याची जागा नाही, आणि नेमकी म्हणूनच ती या यात्रेत हवी. देवराईचा कडक नेम असा की वाळलेली काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात केला, तेव्हापासून अभ्यासकही हेच सांगत आले आहेत की देवाच्या धाकाने राखलेल्या या तुकड्यांत आसपास तुटून गेलेल्या जाती टिकून राहिल्या. चप्पल बाहेर काढून आत गेलो. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल, हिरडा, जांभूळ, अंजनी. खाली पायाला लागते ती कुजलेल्या पानांची जाड, ओली गादी, आणि तिच्यात उगवलेली बारीक रोपे. जाणकाराने इथे रोपे ओळखावीत. मोठे झाड सगळेच ओळखतात. चार पानांचे हिरड्याचे रोप ओळखता आले तर रानाची पुढची पिढी उभी राहते आहे की नाही ते कळते.

हिरड्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आंबेगाव, जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या या पट्ट्यात तो घराघराच्या पोटाचा विषय आहे. बाजारात जातो तो बाळहिरडा, म्हणजे आतली आठोळी घट्ट होण्यापूर्वीचे कोवळे फळ, उन्हाळ्यात गोळा करून वाळवलेले. काळा, सुरकुतलेला, फोडला तर आत बी नसलेला तो चांगला. पूर्ण पिकलेला पिवळसर मोठा हिरडा पुढे हिवाळ्यात मिळतो. त्रिफळेला तो मोठा हिरडा, बी काढून. बाळहिरड्यासाठी फांद्याच छाटून खाली पाडल्या तर पुढच्या एक-दोन हंगामांचे फळ गेले. झोडपून किंवा चढून वेचले तर झाड वर्षानुवर्षे देते. ज्यांची ही झाडे आहेत त्यांना हे आपण सांगण्याची गरज नाही. विकत घेणाऱ्याने विचारले पाहिजे, फळ कसे उतरवले म्हणून.

गावाच्या कडेला कुंपणावर कळलावी फुलली होती, तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिच्या कंदात कोल्चिसिन असते आणि थोडक्या मात्रेत ते जिवावर बेतते. जमिनीखालचा कंद अनोळखी नजरेला खाण्याच्या रानकंदासारखाच वाटतो. फूल, आणि पानाच्या टोकाला असलेला पीळदार ताणा पाहिल्याशिवाय रानातला कुठलाही कंद खणू नये.

पांढरा कुडा आणि काळा कुडा इथे एकाच उतारावर दिसले. अतिसारात चालतो तो पांढरा. त्याचे बी, इंद्रजव, कडू. काळ्याचे बी गोडसर. शेंगा दोघांच्याही जोडीने येतात, पण काळ्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. साल विकत घेताना एकीच्या जागी दुसरी सर्रास येते आणि मग कुटजाचा, म्हणजे पांढऱ्या कुड्याचा, गुण आला नाही अशी तक्रार होते.

संध्याकाळी परतल्यावर परात तिरकी करून वरचे पाणी हलक्या धारेने दुसऱ्या भांड्यात काढले. हे पाणी टाकायचे नाही. मंद आचेवर आटवले की गुळवेलीचा घन होतो, काळपट आणि अतिशय कडू. तळाशी उरलेल्या मळकट पांढऱ्या थरात नवे स्वच्छ पाणी घालून ढवळले आणि पुन्हा रात्रभर ठेवले. हवा फार गरम असेल तर इथे जास्त रेंगाळू नये, आंबूस वास येतो. एकदा आंबले की ते फेकून द्यावे.

चौथा दिवस : भीमाशंकर

सकाळी परातीतले पाणी काढून सत्त्व ताटात पातळ पसरले, वर मलमल, आणि ओसरीवर ठेवून तळेघरमार्गे भीमाशंकर. अभयारण्य 1985 साली जाहीर झाले, क्षेत्र 130.78 चौरस किलोमीटर, मुख्यतः शेकरूसाठी. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर मान वर केली की फांद्यांच्या बेचक्यात शेकरूची काटक्यांची घरटी दिसतात.

या रानात एका झाडापाशी थांबायलाच हवे. नरक्या, काही लोक त्याला अमृताही म्हणतात. त्यातल्या कॅम्पटोथेसिनपासून कर्करोगावरची औषधे बनतात, आणि तेवढ्यामुळे सह्याद्रीत ठिकठिकाणी या झाडाची चोरटी तोड झाली. माणसाला वाचवणारे औषध असूनही घेण्याला मर्यादा राहिली नाही तर झाडाचे काय होते याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला बेल. बेलाचे नेम नीट पाहिले तर ते औषधी घेण्याचे पाठच आहेत. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी बेल तोडत नाहीत. आदल्या दिवशी तोडून ठेवतात. बेल शिळा होत नाही, वाहिलेला धुऊन पुन्हा वाहता येतो. म्हणजे सर्वांत जास्त मागणी असते त्याच दिवसांना झाडाला सुटी, आणि नवे पान मिळाले नाही तरी पूजा अडत नाही. पान त्रिदल, अखंड, किडीने न खाल्लेले असावे. देठाची गाठ काढून पिंडीवर पालथे वाहावे. तुळशीलाही द्वादशी, रविवार आणि सूर्यास्तानंतरचा काळ वर्ज्य आहे. घरच्या तुळशीचे पान सर्दीसाठी तोडतानाही हा नेम आम्ही पाळतो.

बाकी भीमाशंकरला गर्दीच फार. दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरलो.

पाचवा दिवस : वाळवण, काढा, साठवण

सत्त्व कोरडे, हाताला पिठासारखे लागले. एक किलो ओल्या वेलीचे मूठभरही होत नाही. रंग दुधासारखा शुभ्र नसतो, किंचित मळकट असतो, आणि जिभेवर बारीक कडवटपणा राहतो. बाजारातले पांढरेशुभ्र, बेचव सत्त्व बहुधा दुसऱ्या कशाचा तरी स्टार्च असतो.

अर्जुनाची साल अजून तयार नव्हती. तुकडा वाकवला तर कट्कन मोडला पाहिजे. नुसता लवला तर आत ओल आहे. आश्विनात दिवसा ऊन कडक असले तरी रात्री दव पडते, म्हणून सुपे संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत बाहेर आणि दिवसातून दोनदा साल खालीवर करायची. ढीग करून वाळवलेली साल वरून कोरडी दिसते आणि आत बुरशीचे पांढरे धागे धरते. पुढचे वाळवण घरी पुरे होईल.

गुळवेल, शतावरी, कुडा, अडुळसा, अश्वगंधा अशा काही औषधी नेहमी ओल्याच वापराव्यात असे आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर सांगतो. म्हणून शतावरीचे कंद खणले त्याच दिवशी वाटून दुधातून दिले, आणि काढ्यासाठी गुळवेलीचा एक तुकडा राखून ठेवला होता. काढ्याचे प्रमाण पक्के : औषधाच्या सोळा पट पाणी, आटवून आठवा भाग उरवायचा. वीस ग्रॅम ठेचलेली गुळवेल, 320 मिली पाणी, उरवायचे 40 मिली. भांडे मातीचे किंवा स्टीलचे, तोंड उघडे, आच मंद. झाकण ठेवले की पाणी आटत नाही आणि काढा नुसता शिजत राहतो. आच मोठी केली की पाणी पटकन उडते पण औषधाचा अंश उतरत नाही. अर्जुनाचा क्षीरपाक करायचा तर एक भाग औषध, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि फक्त दूध उरेपर्यंत आटवायचे. यकृताचा आजार असलेल्यांनी गुळवेल, आणि हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी अर्जुन, डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. गरोदरपणात घरच्या घरी प्रयोग नकोतच.

काढा तयार झाल्यावर पहिला पेला ज्याच्यासाठी निमंत्रणात सांगितले होते त्याला, हातात देऊन, पूर्वेकडे तोंड करून. घेणाऱ्यानेही औषधीचे नाव घ्यावे. आपण काय पितो आहोत आणि ते कुठल्या झाडाचे आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. निनावी पुडी देण्याची पद्धत आम्हाला पटत नाही.

साठवणीबद्दल चरक सांगतो ते आजच्या घरातही जमते. खोलीचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला, हवा खेळती पण थेट झोत नाही. आग, पाणी, वाफ, धूर, धूळ, उंदीर आणि गुरे यांच्यापासून दूर, झाकलेले, शिंक्यावर टांगलेले. रोज तिथे फूल वाहावे, असेही तो म्हणतो. रोज फूल वाहायला जाणाऱ्याला किडा, ओल, उंदराची लेंडी लगेच दिसते, महिन्याने एकदा डबा उघडणाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी : नाव, भाग, जागा, तिथी, कोणी काढली. वाळलेल्या अख्ख्या औषधीचा गुण वर्षभर राहतो, चूर्णाचा दोन महिने. त्यामुळे अर्जुनाची साल अख्खीच ठेवायची आणि लागेल तेवढीच कुटायची.

गुळवेलीची राखून ठेवलेली टोके निघण्यापूर्वी त्याच शेताच्या बांधावर लावली. एक-दोन डोळे मातीत, एक वर, बाजूला चढायला कडुनिंब किंवा आंबा असलेली जागा. टोक उलटे लावले तर रुजत नाही, म्हणून तोडतानाच खालच्या बाजूला तिरका आणि वरच्या बाजूला सरळ छेद देऊन ठेवावा. पहिला पंधरवडा एक दिवसाआड पाणी पुरते. रोज घातले की कांड खालून काळे पडून सडते. पाण्याची ती पाळी शेतमालकाच्या आईंनी स्वतःकडे घेतली.